खेळण्यातली मोटारहोडी आणि यंत्राचा प्रश्न

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के केले. दरम्यान १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हावाचून खेळणी विकण्यास मनाई झाली. देशी उद्योगाला संरक्षण मिळावे, चिनी मालाचा लोंढा आवरावा आणि विषारी रंगाची, तीक्ष्ण कडांची खेळणी मुलांच्या हाती पडू नयेत, असे या धोरणाचे हेतू सांगितले गेले. हे हेतू गैर आहेत असे कोणी म्हणणार नाही. चाचण्या आणि परवाने यांचा भार लहान कारखानदाराला कितपत पेलेल, हा प्रश्न काही अर्थतज्ज्ञांनी उपस्थित केला, तोही रास्तच होता. परंतु या साऱ्या चर्चेत मूल आले ते केवळ ग्राहक म्हणून. खेळणे कोठे तयार व्हावे, कोणी विकावे, त्यावर किती कर असावा यावर पुष्कळ बोलले गेले. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याने खेळणे विकतच घ्यावे का, हे विचारावे असे कोणाला वाटले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले खेळणे या धोरणाच्या कोणत्याही रकान्यात बसणारे नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी, आणि मुख्य म्हणजे त्याला बरोबर घेऊन, घरी केलेली हातभर लांबीची मोटारहोडी. हिला आयात शुल्क नाही, मानकाचे चिन्ह नाही, तिची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जात नाही. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव असे विषय समोर असताना पक्षाच्या साप्ताहिकाने होडीला जागा द्यावी काय, असे काही साथी विचारतील. ते विचारणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच की, यंत्राशी माणसाचे नाते कोणते असावे हा समाजवाद्यांचा जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे, आणि त्या नात्याची पहिली गाठ लहानपणी खेळण्यातच बसते.

मे १९५२ मध्ये समाजवादी पक्षाच्या पचमढी अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा विचार मांडला होता. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंनी प्रचंड यंत्र एकसारखेच स्वीकारले आहे, अपुऱ्या भांडवलाच्या आणि अफाट मनुष्यबळाच्या देशाला ते जसेच्या तसे चालणार नाही, त्याला लहान घटकाचे, विजेवर वा तेलावर चालणारे, गावात बसवता येणारे यंत्र हवे, असा त्या विचाराचा गाभा होता. पुढे आपण त्याचे ठराव केले, परिसंवाद भरवले. पण लहान यंत्र म्हणजे दिसते कसे, उघडते कसे, हे आपल्या घरातल्या मुलांना आपण कधी दाखवले नाही. माझ्या पिढीतल्या कित्येक कार्यकर्त्यांना यंत्रावर तासभर भाषण देता येई, मात्र घरातला पंखा बंद पडला की वायरमनला निरोप जाई.

आता होडी. एक लिटरच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्याव्यात, बूच घट्ट लावलेल्या. त्या चार-पाच बोटे अंतराने शेजारी शेजारी आडव्या ठेवून वरून बांबूच्या तीन कामट्या रबराने वा सुतळीने आडव्या बांधाव्यात. मागच्या कामटीवर लाकडाचा एक उभा ठोकळा, त्याच्या माथ्यावर तीन व्होल्टची छोटी मोटर. मोटरीच्या दांड्यावर बाटलीच्याच प्लॅस्टिकचा कापलेला, दोन्ही पाती विरुद्ध बाजूंना किंचित पिळलेला पंखा. मध्यभागी दोन पेन्सिल सेल, दोन तारा, एक बटण. सुकाणूसाठी प्लॅस्टिकचीच एक पट्टी, मागे पाण्यात सोडलेली. एवढ्यात होडी होते. आमच्या होडीसाठी नवे विकत आणावे लागले ते सेल, बटण आणि चिकटपट्टी. बाकी सारे घरात किंवा भंगारात होते.

पंखा पाण्यात न ठेवता हवेत ठेवावा, असे मी अनुभवाने सांगतो. खऱ्या जहाजाचा पंखा पाण्याखाली असतो आणि मुलाची ओढही तिकडेच असते. तथापि त्यासाठी होडीच्या तळातून दांडा बाहेर काढावा लागतो, दांड्याभोवती नळी बसवून तीत ग्रीस भरावे लागते आणि नळीचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे लागते; नाहीतर दांड्याबरोबर पाणीही आत येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने हे अवश्य करावे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्याच होडीत पाणी शिरलेले पाहायला लावण्यात शहाणपण नाही. हवेतला पंखा हवा मागे लोटतो आणि होडी पुढे जाते. मागे हात धरला की वारा लागतो, पुढे पाहिले की होडी सरकते. क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा नियम मुलाला पाठ करावा लागत नाही, तो त्याच्या तळहाताला लागतो.

दोन बाटल्या का, एक का नको, हे सांगू नये. एक बाटली पाण्यात टाकून तिच्यावर मोटर ठेवू द्यावी. ती लोळते. दुसरी शेजारी बांधली की लोळायची थांबते. कोळ्यांच्या काही होड्यांना बाजूला जे लाकूड जोडलेले असते, ते कशासाठी, हे त्या क्षणी उमगते. मग हिशेब करावा. एक लिटरची बाटली पुरती बुडवली तर एक किलो पाणी बाजूला सारते. दोन मिळून दोन किलो. आपल्या होडीचे सामान वजनकाट्यावर ठेवले तर पाव किलोच्या आतच भरते. म्हणजे अजून किती ओझे चढवता येईल? हा प्रश्न माझ्या सात वर्षांच्या नातीने स्वतःच काढला आणि ओट्यावरचे बटाटे एकेक करून होडीवर ठेवले. गणिताच्या पुस्तकातल्या हौदात नळ सोडण्यापेक्षा हे उदाहरण अधिक गंभीर होते, कारण उत्तर चुकले असते तर बटाटे बुडाले असते.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर होडी मागे जाण्याची शक्यता पुढे जाण्याइतकीच असते. ही मोटारहोडीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मी मानतो. बाजारातले खेळणे उलटे चालले तर आपण ते परत करतो. इथे सेलांच्या तारा अदलाबदल केल्या की तीच मोटर उलट फिरू लागते आणि होडी पुढे निघते. नातीने तारा चार वेळा काढल्या आणि चार वेळा लावल्या. मग विचारले, की आत कोण फिरतं? त्यामुळे दुसरी एक निकामी मोटर पक्कड लावून उघडावी लागली. आत दोन चुंबक, मधल्या दांड्यावर तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी, दांड्याला घासणाऱ्या पितळेच्या दोन पातळ पट्ट्या. एवढेच. तारेतून वीज गेली की ती वेटोळीही चुंबक होतात, कवचातल्या चुंबकांशी त्यांची ओढाओढ सुरू होते, आणि पट्ट्यांमुळे विजेची दिशा प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला पालटत राहिल्याने ती ओढाओढ कधी मिटत नाही. तांबे कुठून येते हा पुढचा प्रश्न होता. ते खाणीतून येते. तशी एक मोठी खाण गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला आहे. तिथे काम कोण करते, हा त्याच्या पुढचा. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मूल्य आणि श्रम यांवरील व्याख्याने मी वर्षानुवर्षे दिली. त्या प्रश्नापर्यंत वर्ग स्वतःहून आल्याचे फारसे आठवत नाही.

येथे थोडे विषयांतर. सेलावर चालणारी होडी ही आजच्या खेळण्याच्या दुकानाची कल्पना नव्हे. मॉरिट्झ याकोबी नावाच्या संशोधकाने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर विजेच्या मोटरीने चालणारी होडी चालवून दाखवली. तीत सुमारे डझनभर माणसे बसली होती, बाजूला वल्ह्यांची चाके होती आणि पैसा झारच्या खजिन्यातून आला होता. प्रयोग यशस्वी झाला आणि तिथेच थांबला. जस्त खाणाऱ्या घटमालेपेक्षा कोळशावरची वाफ कितीतरी स्वस्त पडत होती. तंत्र शक्य असणे आणि ते परवडणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. जी शक्ती तेव्हा झारला परवडली नाही, ती आज पेन्सिल सेलाच्या रूपाने किराणा दुकानात लटकत असते. आपण मात्र तिच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाचे वा रिमोटचे खाद्य म्हणूनच पाहतो.

जत्रेत पूर्वी पत्र्याची फटफट करणारी आगबोट मिळे. चिमुकली टाकी, मागे पाण्यात सोडलेल्या दोन नळ्या आणि टाकीखाली तेलाची वात. टाकीतल्या पाण्याची वाफ होऊन ती नळ्यांतले पाणी मागे फेकी, लगेच थंड होऊन पुन्हा पाणी आत ओढी. बाहेर जाणारे पाणी एका धारेने एकाच दिशेस जाते आणि आत येणारे चहूबाजूंनी येते, म्हणून होडी पुढे सरकते. या युक्तीचे पेटंट १८९१ साली टॉमस पिओ याने इंग्लंडमध्ये घेतले; आपल्याकडे ती डब्यांच्या जुन्या पत्र्यातून बनवणाऱ्या अनाम कारागिरांच्या हातून आली. त्या खेळण्याच्या कडा बोट कापणाऱ्या होत्या आणि वातीने हात भाजत असे. आजच्या नियमांत ते बसणार नाही, बसूही नये. पण तिचे पोट उघडे होते. ती का चालते हे मुलाला वाकून पाहता येत होते.

आज दुकानात मिळणारी रिमोटवरची बोट सुबक असते, वेगवान असते. ती बंद असते, हा तिचा दोष नव्हे, तो तिचा व्यापारी गुण आहे. कवच उष्णतेने चिकटवलेले, स्क्रू असलाच तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने न उघडणारा, मोटर बिघडली तर सुटा भाग कोठेही नाही. आठवड्याभरात ती थांबते आणि मुलाला यंत्राविषयी एकच धडा मिळतो की, थांबले की नवे मागायचे. मार्क्सने वस्तुमोहाचा जो विचार मांडला, त्याची आपण पुस्तकी चर्चा फार केली. वस्तूमागचे श्रम आणि माणसांमधले संबंध झाकले जाऊन वस्तूलाच स्वतःची शक्ती आहे असे भासू लागणे, हे सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कसे घडते, हे त्या चिकटवलेल्या कवचाकडे पाहिले म्हणजे कळते.

हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन समाजवाद्याचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आपल्या अभ्यासवर्गांत एके काळी वाचला जाई. आधुनिक कारखान्यात कामाची कल्पना एकाकडे आणि अंमलबजावणी दुसऱ्याकडे जाते, आणि या फारकतीतूनच कामगाराचे कौशल्य हिरावले जाते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा लेखक स्वतः नौदलाच्या गोदीत तांबटकाम शिकलेला होता, हे सहसा सांगितले जात नाही. ज्याच्या हातांना पत्रा आणि जहाज माहीत होते, त्यालाच ही फारकत इतकी नेमकी दिसली. आपल्या देशात तर ही फारकत कारखान्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जातीव्यवस्थेने नुसती कामे वाटली नाहीत; काम करणारी माणसे वरखाली लावली, हाताला डोक्याच्या खाली बसवले आणि त्याला धर्माचा आधार दिला. लोहार, सुतार, चांभार, तांबट, कोळी यांच्याकडे असलेले यंत्राचे आणि द्रव्याचे ज्ञान शाळेच्या दाराबाहेर राहिले. आत आले ते पाठांतर.

म्हणून सुशिक्षित मध्यमवर्गातल्या मुलीने पक्कड हातात धरणे ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. मोटर आणायला ज्या दुकानात गेलो, तिथल्या माणसाने सहज विचारले, नातवाला का? त्याच्या विचारण्यात वाईट काही नव्हते. त्याच्याकडे येणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांचा तो अनुभव होता. आपल्या स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत आपण भाकरी भाजणाऱ्या पुरुषाचे कौतुक करतो. डाख देणाऱ्या मुलीची सोय मात्र त्या शिबिरात केलेली नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. प्राध्यापकाच्या घरातले मूल हौसेने पक्कड धरते; गॅरेजमधले, वीटभट्टीवरचे, विडीकामाच्या घरातले मूल ती गरजेने धरते. आपण आयुष्यभर बालमजुरीविरुद्ध लढलो, आणि आता हातकामाचे गोडवे गायचे काय? आक्षेप खरा आहे, आणि १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर अधिकच खरा. त्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत बंदी केली आणि त्याच वेळी शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत कौटुंबिक उद्योगाला मदत करण्याची मोकळीक ठेवली. कुटुंबाच्या नावाखाली ठेकेदाराचा माल ज्या घरात येतो, त्या घरात ही मोकळीक म्हणजे काय हे कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या साथींना सांगायला नको.

परंतु हा आक्षेप नीट पाहिला तर तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. गॅरेजमधल्या मुलाला पाना दिला जातो, पाना का फिरतो हे सांगितले जात नाही. तो इंजिन उघडतो. ते त्याचे नसते, त्याला वाटेल तेव्हा ते थांबवता येत नाही, चुकले तर थप्पड असते. इंग्रजी शाळेतल्या मुलाला का फिरतो हे पुस्तकात सांगितले जाते आणि पाना मिळत नाही. एकाला हात, दुसऱ्याला डोके, असे वाटप वयाच्या सातव्या वर्षीच पुरे झालेले असते आणि पुढची पन्नास वर्षे आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. बालमजुरी आणि हस्तकामाचा अभाव ही एकाच वाटपाची दोन टोके आहेत. खेळण्यातल्या होडीवर मुलाचा हक्क असतो. ती विकायची नसते, मोडली तर कोणाचे नुकसान नसते, कंटाळा आला तर ती टाकून पळता येते. काम आणि मजुरी यांतला फरक याहून सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर प्रा. के. टी. शहा यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. शाळेतला माल बाजारात आला की तो कारागिराशीच स्पर्धा करणार, हा त्यांचा मुद्दा अर्थशास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, माल विकायचा ठरला की मुलाला चूक करण्याची मुभा उरत नाही. उलटी जाणारी होडी विकता येत नाही. नई तालीमच्या शाळा पुढे टकळीपुरत्या उरल्या आणि मग तेवढ्याही उरल्या नाहीत, याची कारणे अनेक आहेत. सरकारी अनास्था त्यांत मोठी. तरी खेळाला जागा नसलेला उद्योग मुलांना फार दिवस धरून ठेवत नाही, हेही एक असावे.

याहून अधिक जवळचा अनुभव होशंगाबादचा आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सरकारी माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे तो कार्यक्रम सबंध जिल्ह्याच्या शाळांत गेला, एकलव्य संस्थेने तो सांभाळला, आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. पुण्याच्या मोटारकारखान्यातल्या नोकरीतून रजा घेऊन १९७८ साली तिथे गेलेले अभियंता अरविंद गुप्ता नंतर आयुष्यभर आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, सेल आणि चुंबक यांतून खेळणी करायला शिकवत राहिले. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कित्येक वर्षे काम केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्यक्तीचा गौरव झाला. ज्या सरकारी शाळांसाठी ती खेळणी जन्माला आली, त्या शाळांत ती गेली नाहीत.

सरकार काही करत नाही असे नव्हे. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला उभारणी आणि पाच वर्षांचा खर्च मिळून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यातून त्रिमिती छपाईचे यंत्र, यंत्रमानवाचे संच वगैरे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा पाच वर्षांत काढण्याची घोषणा झाली. मी तिची टिंगल करणार नाही. गरिबाच्या मुलाला त्रिमिती छपाई कशाला, असे म्हणणारा मनुष्य प्रतिगामीच होय. पण दोन गोष्टी खटकतात. ही योजना सहावीपासून सुरू होते. हाताची भीड त्याच्या पुष्कळ आधी चेपायची असते. दुसरे, पाच वर्षांनी अनुदान संपते तेव्हा बिघडलेले महाग यंत्र दुरुस्त करणारा माणूस गावात नसतो. त्याला कुलूप लागते आणि पाहुणे आले की ते उघडते. याउलट, पक्कड, करवत, कातर, स्क्रू ड्रायव्हर, तारा, सेल, दहा-बारा छोट्या मोटरी अशी एक पेटी पहिलीपासूनच्या प्रत्येक वर्गाला द्यायला किती खर्च येईल, याचा हिशेब कोणत्याही मुख्याध्यापकाला एका दुपारी करता येईल. एका प्रयोगशाळेच्या पैशात साऱ्या तालुक्याच्या शाळांच्या पेट्या बसाव्यात, असा माझा अंदाज आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. वर्षानुवर्षांच्या शाळेत दहा दिवस! आणि त्या कारागिराला मानधन कोण देणार, त्याच्या बुडलेल्या रोजाचे काय, याची फोड कोणी करत नाही.

मोटरी कोठून आणायच्या, हा व्यावहारिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्या चळवळीच्या अगदी जवळ आहे. बंद पडलेली खेळणी, कॅसेट आणि सीडीचे जुने यंत्र, केस वाळवण्याची मोडकी उपकरणे यांत छोट्या मोटरी असतात आणि त्या शेवटी भंगाराच्या दुकानात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातून पुढे जातात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. शहराच्या कचऱ्यात किती मूल्य दडले आहे हे अर्थशास्त्राच्या विभागांआधी या बायांना माहीत होते. शाळांनी मोटरी त्यांच्याकडून रास्त दराने विकत घ्याव्यात, फुकट मागू नयेत. आणि मोटर कशी ओळखायची, तांबे आणि पितळ कसे वेगळे करायचे, हे वर्गात येऊन सांगण्यासाठी त्यांच्यातल्याच एखादीला बोलवावे, मानधन देऊन. मुलांना मास्तरांपेक्षा त्यांचे अधिक पटेल.

ज्या साथींची शिक्षक संघटनांत, पंचायतींत आणि शाळा व्यवस्थापन समित्यांत ऊठबस आहे, त्यांनी हा विषय तिथे काढावा. शाळा व्यवस्थापन समिती ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांच्या हाती आलेली जागा आहे. तिच्या बैठका बहुधा सह्यांपुरत्या होतात. पेटीचा ठराव करायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. सेवादलाच्या शाखांनी पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी होड्यांचा कार्यक्रम ठेवला तर खेळाला खेळ होईल आणि बापलोक मुलांबरोबर तासभर खाली बसतील. कोकणातल्या शाखांनी तर पोफळीच्या विरीची आणि केळीच्या सोपटाची होडी करून तिच्यावर मोटर चढवावी; तिथल्या मुलांना होडीचा आकार शिकवावा लागत नाही.

काही खबरदाऱ्या. सेल पेन्सिल सेलच घ्यावेत; घड्याळातले बटणासारखे सेल लहान मूल गिळते आणि ते घशात अडकले तर काही तासांत आतून भाजते, म्हणून ते घरातसुद्धा हाताशी ठेवू नयेत. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या मुळीच वापरू नयेत, त्या पेट घेतात. घरातल्या भिंतीतल्या विजेचा या खेळाशी काही संबंध नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. डाख मोठ्याने द्यावा, तारा मुलाने पिळाव्यात. पंख्याची पाती मऊ प्लॅस्टिकची हवीत, पत्र्याची नकोत. आणि होडी पाण्यात असेपर्यंत, मग ते पाणी घंगाळातले असो की ओढ्यातले, एका मोठ्या माणसाने हातातला फोन आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिथेच बसावे. त्याने सूचना देऊ नयेत, फक्त मुलाकडे लक्ष ठेवावे.